वॉल्श यांचा पहिला शिष्य अजून बाहेरच : कॅन्टनच्या निवड समितीस खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य, निवड समिती,
प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम,
कॅन्टन, ओहायो.

विषय : श्री. केन अँडरसन यांची निवड पुन्हा न झाल्याबाबत आणि ज्येष्ठ खेळाडूंच्या निवडपद्धतीबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सन्मानदालनाच्या, २०२६ सालच्या पाच मानकऱ्यांची नावे जाहीर केलीत. ड्रू ब्रीस, लॅरी फिट्झगेराल्ड, ल्यूक कीकली, अ‍ॅडम विनाटिएरी आणि रॉजर क्रेग हे पाचही जण त्या सन्मानाला पात्र आहेत, हे मी आरंभीच मान्य करते. त्यांच्यापैकी कोणाचेही नाव खोडावे असे मला सुचवायचे नाही. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर एकच चर्चा चालू होती, ती म्हणजे मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा सुपर बोल, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे अंतिम सामने, जिंकलेल्या बिल बेलिचिक यांना पहिल्याच वर्षी कसे डावलले गेले. त्याच मतपत्रिकेवर सिनसिनाटी बेंगल्सचे जुने क्वार्टरबॅक केन अँडरसन यांचेही नाव होते आणि तेही डावलले गेले, याची आमच्या शहराबाहेर फारशी कोणी दखल घेतली नाही. बेलिचिक यांना आज ना उद्या प्रवेश मिळेल, याविषयी त्यांच्या विरोधकांनाही शंका नाही. अँडरसन यांनी मात्र १५ फेब्रुवारीला वयाची ७७ वर्षे पूर्ण केली, आणि त्यांच्या बाबतीत ‘आज ना उद्या’ हे शब्द आम्ही तीस वर्षे ऐकत आहोत.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्याला टपालाने पाठवली आहे. मराठीत ते प्रसिद्ध करण्याचे कारण असे की, सिनसिनाटी, डेटन, कोलंबस या पट्ट्यात आता मराठी माणसांची दुसरी-तिसरी पिढी राहते. तिच्यातली मुले बेंगल्सचे नारिंगी पट्ट्यांचे सदरे घालून शाळेत जातात, पण अँडरसन कोण होते हे त्यांना ठाऊक नसते. शिवाय तिकडे मिरजेत माझे भाऊ-भाचे हे वाचतील. त्यांच्यासाठी एवढेच सांगते की, अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. चेंडू हाती आल्यावर कोणाकडे आणि कधी फेकायचा, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते, आणि तेही चार-पाच धिप्पाड माणसे त्याला जमिनीवर आडवे करायला धावून येत असताना.

माझा या प्रकरणाशी संबंध काय, हे सांगणे भाग आहे. मी १९८० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, लग्न होऊन सिनसिनाटीला आले आणि पुढे येथेच अनेक वर्षे गणित शिकवले. १० जानेवारी १९८२ या दिवशी या शहराचे तापमान उणे २३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते आणि तेव्हाच्या मोजणीप्रमाणे वाऱ्याचा गारठा धरला तर ते उणे ५० असल्याचे सांगत होते. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनी, ही नवी मुले घरात गोठून जातील या काळजीने, आम्हा दोघांना आपल्याकडे बोलावून घेतले. सिनसिनाटीची ती दालचिनी घातलेली चिली आम्ही शाकाहारी असल्याने खाणार नव्हतो, म्हणून त्यांनी आमच्यापुढे नुसत्या स्पॅगेटीवर चीजचा ढीग घालून ठेवला आणि टीव्ही लावला. रिव्हरफ्रंट स्टेडियमवर सुमारे ४६ हजार माणसे त्या थंडीत बसली होती. बेंगल्सचे पुढच्या फळीतले खेळाडू उघड्या दंडांनी मैदानात उतरले होते. आणि त्यांच्या मागे १४ क्रमांकाचा सदरा घातलेला एक शांत माणूस, दगडासारखा झालेला चेंडू अचूक फेकत होता. मला खेळातले काहीही कळत नव्हते, तरी हा माणूस घाई करत नाही, एवढे कळत होते. या देशात मी पहिल्यांदा कशाला ‘आपले’ म्हटले असेल, तर त्या दुपारी त्या संघाला.

त्या सामन्यात अँडरसन यांनी २२ पैकी १४ पास पूर्ण केले, दोन टचडाउन (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू पोहोचवून मिळवलेले गुण) दिले आणि एकही पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू दिला नाही. बेंगल्सनी सॅन डिएगो चार्जर्सना २७-७ असे हरवले. पराभूत संघाचे क्वार्टरबॅक होते डॅन फाउट्स. १९९३ साली आपण फाउट्स यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतले, आणि ते योग्यच झाले. त्या दिवशी जिंकलेला क्वार्टरबॅक मात्र २०२६ सालीही बाहेर आहे. माझ्या तक्रारींची सुरुवात येथूनच होते.

अँडरसन यांच्या विरोधात जो मुद्दा सर्वांत अधिक वेळा ऐकू येतो, तो म्हणजे त्यांनी सुपर बोल जिंकला नाही. सुपर बोल तर फाउट्स यांनी खेळलाही नाही. फ्रॅन टार्केंटन तीन वेळा हरले, जिम केली चार वेळा हरले, डॅन मारिनो एकदाच खेळले आणि हरले, वॉरन मून कधी पोहोचलेच नाहीत. हे सर्व कॅन्टनमध्ये आहेत. तेव्हा हा निकष आपणच अनेकदा बाजूला ठेवला आहे. तो एकाच माणसापुरता बाहेर काढला जात असेल, तर त्याचे कारण आपण सांगायला हवे.

तो हरलेला सामना कसा हरला गेला, हेही एकदा पाहावे. २४ जानेवारी १९८२ रोजी पॉन्टियाकच्या सिल्व्हरडोममध्ये मध्यंतराला बेंगल्स ०-२० असे मागे होते. यात अँडरसन यांचाही वाटा होता. सुरुवातीलाच प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेजवळ त्यांचा एक पास अडवला गेला, हे मी लपवत नाही. उत्तरार्धात त्यांनी स्वतः चेंडू घेऊन एक टचडाउन केला आणि डॅन रॉस यांना आणखी दोन दिले. ३४ पैकी २५ पास पूर्ण आणि ३०० यार्ड, अशी त्यांची कामगिरी झाली. पूर्ण झालेल्या पासांची संख्या आणि त्यांची टक्केवारी हे दोन्ही तेव्हाचे सुपर बोलमधील विक्रम होते. जिंकलेल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या जो मॉन्टाना यांचे यार्ड होते १५७. दोन संघांची एकूण मजल पाहिली तर बेंगल्सची ३५६ यार्ड आणि विजेत्यांची २७५ यार्ड भरते. तिसऱ्या सत्रात गोलरेषेपासून एका यार्डावर, चौथ्या आणि अखेरच्या प्रयत्नात, चेंडू पीट जॉन्सन यांच्या हाती दिला गेला आणि त्यांना तेथेच थोपवले गेले. सामना २६-२१ असा गेला. त्या एका यार्डाची किंमत चव्वेचाळीस वर्षे एकाच माणसाने मोजावी, हे गणित माझ्या पचनी पडत नाही.

दुसरी तक्रार मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती आपण जपत असलेल्या इतिहासाविषयी आहे. हॉल ऑफ फेम हे संग्रहालयही आहे. हा खेळ आजच्या रूपाला कसा आला हे सांगणे हे त्याचे काम आहे. आज जवळपास प्रत्येक संघ जी आखूड, ठरलेल्या लयीची पासपद्धती वापरतो तिला ‘वेस्ट कोस्ट’ म्हणतात आणि तिचे श्रेय प्रशिक्षक बिल वॉल्श यांना दिले जाते. कृष्णेचा उगम महाबळेश्वरला आहे हे आम्हा मिरजेच्या माणसांना सांगावे लागत नाही, पण या पद्धतीचा उगम पश्चिम किनाऱ्यावर नसून ओहायो नदीच्या काठी आहे, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागते. वॉल्श १९६८ ते १९७५ या काळात पॉल ब्राउन यांच्या हाताखाली बेंगल्सचे सहायक प्रशिक्षक होते. ग्रेग कुक या विलक्षण ताकदीच्या तरुण क्वार्टरबॅकचा खांदा १९६९ साली दुखावला आणि पुढच्या वर्षी व्हर्जिल कार्टर यांच्यावर भिस्त ठेवणे भाग पडले. कार्टर यांना लांब फेक जमत नसे, म्हणून वॉल्श यांनी मैदानाच्या रुंदीचा उपयोग करणाऱ्या छोट्या पासांची रचना बसवली. अडचणीतून निघालेली ही तोड होती. तिचे पूर्ण शास्त्र झाले ते अँडरसन यांच्या हातून.

इलिनॉयमधील बटाव्हिया गावचा हा मुलगा ऑगस्टाना नावाच्या एका छोट्या महाविद्यालयात शिकला आणि १९७१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, तिसऱ्या फेरीत, ६७ व्या क्रमांकावर निवडला गेला. वॉल्श यांनी त्याची पावले, फेकीची वेळ, नजर, सगळे नव्याने घडवले. १९७४ आणि १९७५ अशी सलग दोन वर्षे अँडरसन पासर रेटिंगमध्ये (पास फेकण्याची गुणवत्ता मोजणाऱ्या आकड्यात) आणि पासांच्या यार्डांमध्येही लीगमध्ये पहिले आले. १९७४ च्या नोव्हेंबरात पिट्सबर्ग स्टीलर्सविरुद्ध त्यांनी २२ पैकी २० पास पूर्ण केले. त्या बचाव फळीतले जो ग्रीन, जॅक हॅम, जॅक लॅम्बर्ट आणि मेल ब्लाउंट हे चौघेही आज कॅन्टनमध्ये आहेत, आणि त्या मोसमाच्या शेवटी तोच संघ सुपर बोल जिंकला. स्टीलर्स हे बेंगल्सच्याच गटात असल्याने या बचावाशी अँडरसन यांना दरवर्षी दोनदा झुंजावे लागे.

१९७५ च्या मोसमानंतर ब्राउन यांनी प्रशिक्षकपद सोडले, ते वॉल्श यांना मिळाले नाही आणि वॉल्श निघून गेले. १९७६ मध्ये सॅन डिएगोला त्यांनी फाउट्स यांना शिकवले, सॅन फ्रान्सिस्कोत मॉन्टाना यांना आणि नंतर स्टीव्ह यंग यांना शिकवले. गुरू १९९३ साली कॅन्टनमध्ये आले, आणि चार मोठ्या शिष्यांपैकी तिघे आले. यंदा आलेले रॉजर क्रेग हेदेखील वॉल्श यांच्याच पद्धतीत वाढलेले. १९८५ च्या मोसमात धावण्याचे आणि झेलण्याचे प्रत्येकी हजार यार्ड करणारे ते पहिले खेळाडू ठरले. राहिला तो फक्त पहिला शिष्य, ज्याच्यावर गुरूने सगळे प्रयोग करून पाहिले. (वॉल्श बेंगल्सचेच मुख्य प्रशिक्षक झाले असते तर त्या पद्धतीचे नाव काय पडले असते, हा विचार सिनसिनाटीत आम्ही थंडीच्या संध्याकाळी करतो, त्यावर आपल्याला मत द्यायला सांगत नाही.)

आकड्यांविषयी फार बोलणार नाही, कारण ते आपल्यासमोर असतातच. पण गणित शिकवलेल्या बाईला दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक म्हणजे अँडरसन यांचे ३२,८३८ यार्ड आणि १९७ टचडाउन आजच्या क्वार्टरबॅकच्या आकड्यांशेजारी ठेवून त्यांना लहान ठरवणे चूक आहे. १९७७ पर्यंत मोसमात सामने १४ च असत, आणि १९७८ चे नियमबदल होण्यापूर्वी बचावपटू पास झेलणाऱ्याला मैदानभर धक्के देऊ शकत. त्यामुळे त्या त्या वर्षी समकालीनांत कोण कुठे होता, हेच पाहायला हवे. अँडरसन पासर रेटिंगमध्ये चार वेळा पहिले आले, १९७४, १९७५, १९८१ आणि १९८२ साली, म्हणजे दोनदा जुन्या नियमांखाली आणि दोनदा नव्या. दुसरी गोष्ट १९८२ ची. संपामुळे नऊ सामन्यांपुरत्या उरलेल्या त्या मोसमात त्यांनी ३०९ पैकी २१८ पास पूर्ण केले, म्हणजे ७०.५५ टक्के. हा विक्रम २७ वर्षे टिकला. २००९ साली तो ७०.६२ टक्क्यांनी, म्हणजे केसभराने, ज्यांनी मोडला ते ड्रू ब्रीस. विक्रम मोडणारा आणि ज्याचा विक्रम मोडला तो, अशी दोन नावे यंदा एकाच वेळी आपल्यासमोर होती. एकाला पहिल्याच वर्षी दार उघडले.

या माणसाने जे मिळवले ते आयते मिळालेले नव्हते. १९८१ च्या पहिल्याच सामन्यात सिअ‍ॅटलविरुद्ध बेंगल्स ०-२१ असे मागे पडले तेव्हा याच शहराच्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली आणि प्रशिक्षक फॉरेस्ट ग्रेग यांनी त्यांना बाहेर बसवले. टर्क शोनर्ट या राखीव खेळाडूने तो सामना जिंकून दिला. ग्रेग यांनी पुढच्या सामन्यात पुन्हा अँडरसन यांनाच उतरवले. त्या मोसमात त्यांनी २९ टचडाउन दिले, फक्त १० पास गमावले आणि लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. कायद्याची पदवीही त्यांनी खेळता खेळताच घेतली. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, त्यांना दोनच विजय मिळाले, आणि तेही त्याच जानेवारीत, हे त्यांच्या विरोधात जाते. ते आपण जरूर मोजावे. पण १९९६ आणि १९९८ साली ते अंतिम यादीत होते, म्हणजे तेव्हाच्या समितीलाही ते त्या पंक्तीचे वाटत होते. त्यानंतर जे आडवे आले ते प्रामुख्याने पद्धतीचे दोष आहेत, असे माझे मत आहे.

निवृत्तीला पंचवीस वर्षे उलटली की खेळाडू ‘ज्येष्ठ’ गटात जातो, आणि तेथे साठलेली रांग फार मोठी आहे. २०२० साली लीगच्या शताब्दीनिमित्त आपण एकदम दहा ज्येष्ठ खेळाडू घेतले. त्यांत एकही क्वार्टरबॅक नव्हता. २०२३ साली तीन ज्येष्ठ उमेदवारांवर स्वतंत्रपणे मत घेण्यात आले आणि तिघेही आले. २०२५ पासून आपण तीन ज्येष्ठ खेळाडू, एक प्रशिक्षक आणि एक संघटक किंवा मालक अशा पाच जणांना एकाच मतपत्रिकेवर आणले. प्रत्येक सदस्याने त्यांतले तिघे निवडायचे आणि प्रवेशासाठी ८० टक्के मते लागायची. पन्नास सदस्य धरले तर एकूण मते दीडशे होतात. ती पाच जणांत सारखी वाटली गेली तर प्रत्येकाच्या वाट्याला तीस येतात आणि लागतात चाळीस. पाचही उमेदवार तोलामोलाचे असले, की पाचही पडण्याची शक्यता सर्वांत जास्त, अशी ही रचना आहे. निदान सर्वाधिक मते मिळवणारा एक घ्यावा, ही तरतूद आहे म्हणून कोणीतरी येतो. २०२५ मध्ये या पाचांतून एकटे स्टर्लिंग शार्प आले आणि यंदा एकटे क्रेग. यंदा तर या गटात बेलिचिक आणि न्यू इंग्लंडचे मालक रॉबर्ट क्राफ्ट होते. मालकाचे कर्तृत्व आणि क्वार्टरबॅकचे कर्तृत्व एकाच तराजूत कसे तोलायचे, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही, आणि ज्यांना तोलायचे आहे त्या आपल्यापैकी काहींनाही ते अवघड गेले असावे.

शेवटची तक्रार लिहिताना माझी लेखणी अडखळते. १९७१ ते १९८३ अशी तेरा वर्षे केन रायली हे अँडरसन यांचे सहखेळाडू होते. १५ मोसमांत ६५ इंटरसेप्शन घेणाऱ्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे तितके पास हिरावणाऱ्या, या माणसाचे नाव मी पाहिलेल्या काळात दर वर्षी चर्चेत यायचे आणि मागे पडायचे. जून २०२० मध्ये ते वारले. २०२३ साली आपण त्यांना निवडले आणि कॅन्टनच्या व्यासपीठावर त्यांच्या वतीने त्यांच्या मुलाला बोलावे लागले. ऑकलंडचे क्वार्टरबॅक केन स्टेबलर जुलै २०१५ मध्ये गेले आणि २०१६ च्या फेब्रुवारीत निवडले गेले. यंदा अँडरसन यांच्याबरोबर मतपत्रिकेवर असलेल्या पाच उमेदवारांपैकी पिट्सबर्गचे एल. सी. ग्रीनवुड २०१३ सालीच वारले आहेत. तेही अजून थांबलेले आहेत. मराठी वाचकांना येथे पद्माकर शिवलकर आठवतील. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही, बिशनसिंग बेदी यांच्या काळात जन्माला आल्यामुळे, त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. तो अन्याय पुसता येण्यासारखा नव्हता, पण २०१७ साली क्रिकेट मंडळाने त्यांना आणि राजिंदर गोयल यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, तेव्हा ते दोघेही तो घ्यायला हयात होते. आज दोघेही नाहीत.

यात दोष केवळ कॅन्टनचा नाही. बेंगल्सनी स्वतःच्या जुन्या खेळाडूंच्या सन्मानाची प्रथा २०२१ साली सुरू केली. त्या पहिल्या चौघांत अँडरसन आणि दिवंगत रायली होते. जो संघ आपल्याच माणसांचे नाव भिंतीवर लिहायला पन्नासहून अधिक वर्षे लावतो, त्याने बाहेरच्यांवर उशिराचा आरोप करताना थोडे चाचरावे, हे मला मान्य आहे. मी मात्र संघ नव्हे, एक प्रेक्षक आहे, आणि प्रेक्षकाला चाचरण्याचे कारण नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. ज्येष्ठ खेळाडूंची मतपत्रिका प्रशिक्षक आणि संघटक-मालक यांच्या मतपत्रिकेपासून वेगळी करावी, आणि २०२३ प्रमाणे प्रत्येक ज्येष्ठ उमेदवारावर स्वतंत्रपणे ‘होय’ किंवा ‘नाही’ असे मत घ्यावे.

२. साठलेली रांग ओसरेपर्यंत, निदान पुढील पाच वर्षे, दर वर्षी किमान तीन ज्येष्ठ खेळाडूंचा विचार या पद्धतीने व्हावा.

३. अंतिम फेरीतील प्रत्येक उमेदवाराला किती मते मिळाली, हे जाहीर करावे. कोणी कोणाला मत दिले हे गुप्त राहिले तरी चालेल; पण लागणाऱ्या चाळीस मतांपैकी अडतीस मिळाली की बारा, हे कळण्याचा अधिकार त्या माणसाला आहे.

४. ज्येष्ठांच्या अंतिम यादीतून एकदा राहून गेलेल्या हयात खेळाडूचे नाव पुढच्या वर्षी आपोआप विचारात घ्यावे. त्याला पुन्हा सगळ्या चाळण्यांतून जायला लावू नये.

५. श्री. केन अँडरसन यांची २०२७ च्या तुकडीत निवड करावी.

सिनसिनाटीहून कॅन्टनला मोटारीने सुमारे चार तास लागतात. मी आता सत्तर वर्षांची आहे आणि एवढे अंतर एकटी गाडी चालवत नाही, पण नातीने मला घेऊन येण्याचे कबूल केले आहे. ऑगस्ट २०२७ मधील समारंभाची तिकिटे विक्रीला आली की आम्ही दोन घेऊन ठेवू. आपला निर्णय तोपर्यंत झालेला असेल.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
सिनसिनाटीतील एक निवृत्त गणितशिक्षिका